रात्री दहानंतर कोणाचा आवाज?



या लग्नसराईत गावोगावच्या गटबैठकांना जाताना कर्जाच्या हप्त्यांइतकाच एक विषय कानावर आला. तो म्हणजे आवाज. एका गटातल्या ताईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ बारा दिवसांचं. वरात चौकात थांबली आणि साडेबारापर्यंत बॉक्स वाजत राहिले. घराचे पत्रे थरथरत होते आणि बाळ दचकून दचकून रडत होतं. दुसऱ्या गावात दहावीचा पेपर सकाळी आणि हळदीचा डीजे रात्रभर. तिसऱ्या गावात मात्र उलटी गोष्ट ऐकली. तिथल्या एका ताईंनी गटातून कर्ज घेऊन मुलाला साउंड सिस्टीम घेऊन दिली होती. पोलिसांनी एका रात्री मशीन उचलून नेलं. मशीन ठाण्यात, आणि हप्ता ताईंच्या डोक्यावर.

म्हणजे ज्यांची झोप उडते त्या आपल्याच, आणि ज्यांच्या पोराचा धंदा बंद होतो त्याही आपल्याच. म्हणून या वेळी आवाजाचा कायदा नीट समजून घेऊ. मला स्वतःला नाचायला आवडतं, हे आधीच सांगते. डीजे बंद पाडा असं सांगायला हा लेख नाही. पण नियम काय आहे ते माहीत नसलं की जो मोठ्यानं बोलतो त्याचंच खरं होतं.

हा कायदा फक्त शहरांचा नाही

‘ते डेसिबल वगैरे मुंबई-पुण्याला, आपल्या खेड्याला कुठं,’ असं मला किमान चार ठिकाणी ऐकवलं गेलं. हे खरं नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम केंद्र सरकारने २००० साली केले. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात आणि देशभर लागू आहेत. वाडी, वस्ती, तांडा, सगळीकडे.

या नियमांत जागेचे चार प्रकार केले आहेत आणि प्रत्येकाला दिवसाची आणि रात्रीची वेगळी मर्यादा घातली आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल. बाजारपेठेच्या भागात दिवसा ६५, रात्री ५५. राहत्या वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. आणि शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४०. आपल्या गावात खाली दुकान आणि वर घर असा प्रकार असतो, तिथे कोणती मर्यादा? मिश्र वापराच्या भागाला यातला कोणता तरी एक प्रकार ठरवून देण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याला आहे. गल्लीत एक किराणा दुकान आहे म्हणून सगळी गल्ली बाजारपेठ होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता डेसिबल म्हणजे काय? आवाज मोजायचं ते माप, जसं ताप मोजायला अंश. कुजबुज साधारण ३० च्या आसपास, आपण दोघी समोरासमोर बसून बोलतो तो आवाज ६० च्या आसपास, मिक्सर ८० च्या पुढे-मागे, आणि डीजेच्या बॉक्ससमोर उभं राहिलं तर १०० च्याही वर. पण हे माप किलो-लिटरसारखं सरळ चालत नाही, आणि सगळे फसतात ते इथंच. ८० डेसिबलचे दोन मिक्सर एकदम लावले तर १६० होत नाहीत, ८३ होतात. आणि आकडा १० ने वाढला की आवाजातली ताकद दहापट होते. त्यामुळे ‘मर्यादा ५५ आणि आमचा ७५, वीसच तर जास्त आहे’ असं कोणी म्हणालं तर ते वीस नाहीत. ताकद शंभरपट झाली.

आणखी एक. वस्तीसाठी दिलेली ही मर्यादा एका क्षणाच्या आवाजाची नसते, काही वेळाच्या सरासरीची असते. दारावरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला म्हणून नियम मोडला असं होत नाही.

दहा वाजले की आकडा लागत नाही

सगळ्यात कामाची गोष्ट ही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायलाच बंदी आहे. आवाज कमी ठेवला तरी बंदीच. सभागृह, मंगल कार्यालयाचा बंद हॉल अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाईल इतकं चालतं. सार्वजनिक संकटाच्या वेळी, म्हणजे पूर आला, आग लागली, तर अर्थातच चालतं. पण मंगल कार्यालयाचं लॉन बंदिस्त जागा नाही, आणि कनातीनं वेढलेला मांडव तर नाहीच.

हे कामाचं का, तर दिवसा तक्रार केली की ‘किती डेसिबल आहे ते मोजलं का?’ असा प्रश्न येतो. दिवसाच्या तक्रारीला आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असावा लागतो. रात्रीच्या बंदीचा भंग झाला तर तेवढं पुरेसं आहे. घड्याळात दहा वाजून गेले आणि उघड्यावर स्पीकर चालू आहे, बस. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असतं, ते आपल्याला अंदाज देतं. पुरावा म्हणून पोलिसांकडचं तपासून घेतलेलं मीटर आणि रीतसर पंचनामा लागतो.

‘आमच्याकडे डीजे नाही, बेंजो आहे, ढोल-ताशा आहे’ ही पळवाटही बंद आहे. नियमात ध्वनिक्षेपकाबरोबरच आवाज करणारं कोणतंही साधन आणि वाद्य असे शब्द आहेत. राहत्या वस्तीत रात्री गाडीचा हॉर्न वाजवायलाही बंदी आहे, आवाजाचे फटाके उडवायलाही, आणि बांधकामाची दणादण करणारी यंत्रं चालवायलाही. एसटी स्टँडजवळच्या ताई हे वाचून हसतील, मला माहीत आहे.

पहाटेचा काकडा, अजान, विहारातली वंदना, चर्चची प्रार्थना, सप्ताहातलं कीर्तन यांचं काय, असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी खालच्या आवाजात विचारतंच. नियमात एका धर्माचं नावही नाही. नियम भोंग्याला आहे, प्रार्थनेला नाही. काकडा पाचला होऊ शकतो, देवळाच्या शिखरावरचा कर्णा मात्र सहाच्या आधी चालू करता येत नाही. मशिदीलाही तेच, विहारालाही तेच. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या निकालातही स्पष्ट केलं. माझं मत विचाराल तर आजीच्या गळ्यातला काकडा भोंग्याविनाच जास्त गोड लागतो. पण ते माझं मत, कायद्याचं नाही.

सणाला सूट मिळते, तीही नीट समजून घ्या. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ऐवजी १२ पर्यंत ध्वनिक्षेपक वाजवायला सरकार परवानगी देऊ शकतं. कोणते दिवस, ते आधी जाहीर करावं लागतं. आपल्याकडे दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांचा तसा आदेश निघतो. ही सूट फक्त वेळेची आहे. आवाजाची मर्यादा त्या दिवशीही तीच राहते. आणि कोणाच्या घरचं लग्न, बारसं, वाढदिवस किंवा पुढाऱ्याचं आगमन हा त्या यादीतला सण नसतो.

दिवसासुद्धा परवानगी लागते

दिवसा ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. हे फार जणांना माहीत नसतं. अर्ज साधारण पोलीस ठाण्यात दिला जातो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे राहत्या वस्तीत दिवसा ६५. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमला तर हद्दीवर फक्त ५ डेसिबलची सवलत आहे, म्हणजे ६०. आपल्या बोलण्याइतका! मोठमोठे बॉक्स रचून ६५ मध्ये बसवणं अवघडच.

म्हणून साउंडचा धंदा करणाऱ्या घरातल्या ताईंना माझं सांगणं आहे. ऑर्डर घेतानाच पार्टीकडून परवानगीची प्रत मागून घ्या. दहा वाजता मशीन बंद होणार हे बोलीतच ठरवा, शक्य असेल तर कागदावर लिहून. ‘बघू रे, साहेब आपले आहेत’ असं सांगणारा नवरदेवाचा मामा जप्तीच्या वेळी जागेवर नसतो. आणि गटांनीही अशा धंद्याला कर्ज देताना चर्चा करावी. म्हशीला कर्ज देताना आपण विम्याचं विचारतोच ना? मग मशीन जप्त झालं तर हप्ता कुठून येणार, हेही विचारलं पाहिजे. तिसऱ्या गावातल्या त्या गटात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आता गट हप्ते लांबवून देतो आहे, पण बाकीच्यांची कर्जं अडली.

टेम्पोवर भोंगा लावून पापड, लोणची, भाजी विकणाऱ्या ताईंनाही लेखी परवानगीचा नियम लागू आहे. भोंगा छोटा असला म्हणून तो सुटत नाही.

आपलाच आवाज

आता थोडं अवघड बोलते. आपल्या प्रभागात गटांच्या पिठाच्या गिरण्या आहेत, मिरची कांडप यंत्रं आहेत, शेवयाची मशीन आहेत. बहुतेक सगळी घराच्या पडवीत किंवा गल्लीत, म्हणजे राहत्या वस्तीत. एका गिरणीविरुद्ध शेजाऱ्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला तेव्हा गटातल्या सगळ्याजणी चिडल्या. बायका पुढे गेलेल्या बघवत नाही, असं म्हणाल्या. तसं असेलही. पण कांडप यंत्र पहाटे साडेपाचला चालू होत होतं हेही खरं होतं.

यंत्राच्या सततच्या त्रासाबद्दल शेजारी प्रांताधिकाऱ्यांकडेही जाऊ शकतात. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश काढण्याचा अधिकार उपविभागीय दंडाधिकारी म्हणून त्यांना आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. म्हणजे चाललेला धंदा हलवायची वेळ येऊ शकते. त्यापेक्षा आधीच थोडं केलेलं बरं. यंत्र फरशीला थेट बोल्ट करू नका, खाली जाड रबराचे पॅड घाला, हादरा कमी होतो. पट्टा सैल किंवा वाकडा असला की आवाज वाढतो, बेअरिंगला ग्रीस नसलं तरी वाढतो. शेजाऱ्याच्या बाजूचं दार-खिडकी बंद ठेवून दुसरीकडून हवा घ्या. ताडपत्री किंवा गोणपाट बांधून आवाज अडत नाही, जड भिंतीनं अडतो. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर कांडप नको, असं ठरवून तशी पाटी दारावर लावली की शेजाऱ्यांचा निम्मा राग तिथंच उतरतो.

आणि यंत्रावर बसणाऱ्या ताई, तुमचे कान. रोज आठ तास ८५ डेसिबल ही कानाला झेपणारी हद्द मानली जाते. त्यावर आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करावी लागते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला फक्त पंधरा मिनिटं. कानाच्या आत आवाज ओळखणाऱ्या अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. संध्याकाळी कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटतं, घरच्यांना तुमचा टीव्ही मोठा वाटतो, ही सुरुवात असते. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते वापरा. कापूस घातल्यानं फारसा उपयोग होत नाही.

तक्रार करायची तर

तातडीची असेल तर ११२ नंबर. गाव, चौक, काय वाजतं आहे आणि किती वाजल्यापासून, एवढं सांगा. लेखी तक्रार करायची असेल तर पोलीस ठाण्यात द्या. या नियमांखाली कारवाईचे अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि ठरवून दिलेल्या पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना असतात. म्हणून अर्जाची प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही द्या. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. अर्जात फार काही लिहावं लागत नाही:

‘आमच्या गावातील अमुक चौकात दिनांक अमुक रोजी रात्री १० नंतर अमुक वाजेपर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू होता. हा ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० चा भंग आहे. वस्तीत आजारी माणसे, लहान मुले व परीक्षेला बसलेले विद्यार्थी आहेत. तरी नियम ८ प्रमाणे आवाज थांबवण्याचा आदेश द्यावा व कारवाई करावी. आमची नावे उघड करू नयेत, ही विनंती.’

शेवटचं वाक्य विसरू नका. एका गावात एका ताईंनी रात्री फोन केला आणि अर्ध्या तासात बॉक्सची गाडी त्यांच्याच दारासमोर आणून उभी केली गेली. नाव कुठून फुटलं ते सांगायला नको. त्यानंतर त्या ताई दोन बैठकांना आल्याच नाहीत. नवरा म्हणाला, गावात राहायचं आहे आपल्याला. ही भीती खोटी नाही, आणि ‘कायदा आहे, घाबरू नका’ असं मी त्यांना म्हणू शकले नाही. पण हे त्यांना सांगितलं की तक्रार करणाऱ्याची ओळख उघड होऊ नये, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या त्याच निकालात सांगितलं आहे. नाव फोडणं ही पोलिसांकडून झालेली चूक आहे आणि तिचीही तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे करता येते. दुसरा उपाय आपल्या हातातला आहे. एकटीनं अर्ज देऊ नका. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर द्या, अध्यक्ष-सचिवांच्या सहीनं. तीस बायकांच्या दारासमोर एक गाडी उभी राहू शकत नाही.

शिक्षेचं विचाराल तर, पूर्वी पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ते बदललं. आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आर्थिक दंड आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली यंत्र जप्त होऊ शकतं, परवाना जाऊ शकतो. प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांबाबत उच्च न्यायालयाने पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी समज, मग दंड, तरी ऐकलं नाही तर जप्ती.

शाळा आणि दवाखान्याजवळच्या ताईंसाठी एक वेगळी नोंद. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र, हे आपण ऐकलेलं असतं. पण २०१७ मध्ये नियमात बदल झाला आणि सरकारने अधिसूचना काढून जाहीर केल्याशिवाय जागा शांतता क्षेत्र ठरत नाही, अशी अट घातली गेली. तेव्हा आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र जाहीर झालेल्या यादीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारा. माझ्या मते हा बदल खेड्यांच्या गैरसोयीचा आहे, कारण अधिसूचना निघेपर्यंत वाट बघायला बाळंतिणीला वेळ नसतो.

हा नियम आला कुठून

१९९८ मध्ये एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यामागे वर्तमानपत्रात आलेली एक बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती ओरडली, पण शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या दणदणाटात तिचं ओरडणं कोणाला ऐकूच गेलं नाही. संध्याकाळी तिनं स्वतःला पेटवून घेतलं. त्या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी निकाल लागला. घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात शांततेनं जगण्याचा हक्क येतो आणि कोणावरही ऐकण्याची सक्ती करता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आवाज म्हणजे फक्त झोपमोड, असं ज्यांना वाटतं त्यांना हे जरूर सांगा.

ग्रामसभेत काय करता येईल

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, ते आपल्याला माहीत आहे. तिथे हा विषय घ्या. वरात दहाच्या आधी दारात, आरोग्य केंद्रासमोर वाद्य बंद, परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी कर्णा बंद, असे ठराव गावानं संमतीनं करता येतात. मात्र ठराव करून दहाचे अकरा करता येत नाहीत. कायद्यापेक्षा कडक वागायचं गाव ठरवू शकतं, सैल वागायचं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवतात, मुलं अभ्यासाला बसतात. २०२२ पासून हे सुरू झालं. विषय थोडा वेगळा आहे, पण मला गंमत वाटते ती ही की गावानं भोंगा ठेवला, तोही गप्प बसायची वेळ झाली हे सांगायला.

तक्रार अर्जाचा कोरा नमुना आणि सणांच्या दिवसांच्या यादीची प्रत प्रभाग संघाच्या कार्यालयात ठेवली आहे. पुढच्या ग्रामसंघ बैठकीला सचिवताईंनी दोन्ही घेऊन जाव्यात. ज्या गटांनी साउंड सिस्टीम, गिरणी किंवा कांडप यंत्राला कर्ज दिलं आहे, त्यांनी यंत्र कुठे बसवलं आहे आणि किती ते किती चालतं, एवढं लिहून आणावं. रबराचे पॅड एकत्र मागवले तर स्वस्त पडतील, म्हणून किती लागतील तेही त्याच कागदावर लिहा.